सुईविना साखर: सूक्ष्मतरंगांना काय कळते आणि काय कळत नाही

ठाण्याच्या राम मारुती रोडवरून किंवा वाशीच्या सेक्टर १७ मधून जाताना, आणि त्याहून अधिक वेळा फोनवरच्या जाहिरातींत, हल्ली मनगटी घड्याळांच्या गुणांच्या यादीत एका नव्या गुणाची भर पडलेली दिसते. चाललेली पावले, हृदयाचे ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन यांच्या जोडीला आता ‘शुगर’ही, तीसुद्धा सुई न टोचता, मोजून मिळेल असे सांगितले जाते. या दाव्याला गिऱ्हाईक मिळणे साहजिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. यांपैकी जे इन्सुलिन घेतात त्यांना दिवसातून तीन-चार वेळा बोट टोचावे लागते. बोटांची टोके दुखरी होतात, पट्ट्यांचा खर्च महिन्याच्या हिशेबात जाणवू लागतो आणि हळूहळू तपासणीच टाळली जाते.

दुसरीकडे, सुईविना साखर मोजण्याचे संशोधन ही काही थाप नाही. जगभरच्या विद्यापीठांत त्यावर गंभीर काम चालू आहे आणि त्यातली एक महत्त्वाची वाट सूक्ष्मतरंगांची, म्हणजे मायक्रोवेव्हची आहे. प्रयोगशाळेतले हे काम आणि दुकानातले ते घड्याळ यांच्यात मोठे अंतर आहे, आणि ते नेमके कशाचे आहे हे समजायला थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

टोचून काढलेल्या थेंबाचे पुढे काय होते

ग्लुकोमीटरची पट्टी दिसायला क्षुल्लक असते, पण तिच्या टोकाशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसवलेले असते. बहुतेकदा ते ‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ किंवा त्याच्या जवळचे एखादे विकर असते. रक्ताचा थेंब आत ओढला गेला की हे विकर त्यातल्या ग्लुकोजशी रासायनिक क्रिया घडवते, त्या क्रियेतून इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि त्यांचा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते. ग्लुकोज जितके जास्त तितका प्रवाह जास्त. विकर आणि विद्युतप्रवाह यांची ही सांगड अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली, आणि आजचा ग्लुकोमीटर त्याच कल्पनेचा वंशज आहे.

या सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे. रक्तात मीठ, प्रथिने, चरबी, युरिया असे शेकडो पदार्थ असतात, पण विकर त्यांच्याकडे जवळजवळ ढुंकूनही पाहत नाही आणि त्यांच्यातून ग्लुकोज तेवढे वेचून काढते. ही निवड ढिली पडली तर काय होते, याचा एक गंभीर दाखला उपलब्ध आहे. पूर्वी काही पट्ट्यांत वापरले जाणारे एक विकर ग्लुकोज आणि माल्टोज या दोन शर्करांत फरक करू शकत नसे. पोटातून डायलिसिस करून घेणाऱ्या काही रुग्णांना दिल्या जाणाऱ्या द्रावणामुळे त्यांच्या रक्तात माल्टोज वाढत असे, यंत्र ती साखर समजून मोठा आकडा दाखवत असे आणि त्या आकड्यावर इन्सुलिन दिले जात असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००९ मध्ये याबाबत इशारा दिला तेव्हा अशा १३ मृत्यूंची नोंद झालेली होती. मोजमाप संवेदनशील असणे पुरेसे नसते, आपण जे मोजत आहोत ते तेच आहे ना याची खात्रीही लागते.

दंडावर चिकटवायचे जे सेन्सर आता मिळतात त्यांतही विकरच असते. केसासारखी एक बारीक तार त्वचेखाली शिरते आणि रक्ताऐवजी पेशींच्या मधल्या द्रवातले ग्लुकोज दहा-चौदा दिवस सतत मोजत राहते. तिथला आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, पण निवड विकराचीच असते.

सूक्ष्मतरंग आणि पाणी

रेडिओलहरी, प्रकाश आणि क्ष-किरण ही एकाच कुटुंबातली भावंडे आहेत आणि त्यांच्यात फरक असतो तो कंपनांच्या वेगाचा. सेकंदाला साधारण ३० कोटींपासून ३० हजार कोटींपर्यंत कंपने करणाऱ्या लहरींना सूक्ष्मतरंग म्हणतात. घरातला वाय-फाय आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन हे दोघेही सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपनांच्या आसपास काम करतात. वैद्यकालाही या लहरी परक्या नाहीत. नवी मुंबईत खारघरला ‘समीर’ या केंद्र सरकारच्या संस्थेचे आवार आहे. सूक्ष्मतरंगांचा व्यवहारातला उपयोग हाच तिच्या कामाचा गाभा असून कर्करोगावरील किरणोपचारासाठी लागणारी लिनॅक यंत्रे तिने विकसित केली आहेत. त्या यंत्रांत इलेक्ट्रॉनांना वेग देण्याचे काम सूक्ष्मतरंगच करतात.

आपल्या विषयात या लहरींना महत्त्व येते ते पाण्यामुळे. पाण्याच्या प्रत्येक रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते, त्यामुळे विद्युतक्षेत्रात तो रेणू क्षेत्राच्या दिशेने वळायला पाहतो. एखादा पदार्थ विद्युतक्षेत्राला असा किती प्रतिसाद देतो हे सांगणाऱ्या संख्येला ‘परमिटिव्हिटी’ म्हणतात. हा या लेखातला सर्वांत अवघड शब्द आहे. हवेची परमिटिव्हिटी १, चरबीची बरीच कमी, आणि २५ अंश सेल्सियसच्या पाण्याची तब्बल ७८ च्या आसपास असते. शरीराचा मोठा भाग पाण्याचाच असल्यामुळे सूक्ष्मतरंगांच्या दृष्टीने माणूस म्हणजे मुख्यतः पाणी असते.

आता त्या पाण्यात ग्लुकोज विरघळवले की दोन गोष्टी घडतात. ग्लुकोजच्या रेणूंना जागा लागते, म्हणून तेवढे पाणी बाजूला सरते, आणि त्यांच्या आसपासच्या पाण्याच्या रेणूंना वळायला पूर्वीइतकी मोकळीक राहत नाही. परिणामी परमिटिव्हिटी थोडी उतरते. सुईविना साखर मोजण्याची सूक्ष्मतरंगांची सारी कल्पना या उतरण्यावर उभी आहे.

जलतरंगाचे भांडे

इतका बारीक बदल पकडायचा कसा, याचे उत्तर जलतरंगात सापडते. जलतरंग वाजवणारा कलाकार मैफलीपूर्वी प्रत्येक भांड्यात चमच्याने पाणी घालतो किंवा काढतो, कारण पाणी वाढले की सूर उतरतो आणि कमी झाले की चढतो. जाणत्या कानाला थोड्याशा पाण्याचा फरकही ऐकू येतो. पाण्याकडे न पाहता, नुसत्या सुरावरून, भांड्यात पाणी किती असावे हे सांगता येते.

सूक्ष्मतरंग संवेदक हे असेच एक भांडे आहे. तांब्याची एक छोटी कडी, तिला एका ठिकाणी फट, अशी त्याची एक नेहमीची रचना असते आणि तिला ‘रेझोनेटर’ म्हणतात. या कडीचा स्वतःचा एक विद्युत सूर असतो. कडी त्वचेला टेकवली की तिचे विद्युतक्षेत्र काही मिलिमीटर आत शिरते, आणि तिथल्या परमिटिव्हिटीप्रमाणे तिचा सूर चढतो किंवा उतरतो. परमिटिव्हिटी वाढली की सूर उतरतो आणि घटली की चढतो. साखर वाढली की परमिटिव्हिटी घटते, म्हणजे तत्त्वतः सूर किंचित चढायला हवा.

प्रयोगशाळेत काचेच्या नळीत पाणी आणि ग्लुकोजचे द्रावण घेऊन हा प्रयोग केला तर तो सुरेख जमतो. आलेखावर बिंदू एका रेषेत येतात, आणि ‘सुईविना साखर मोजणारा संवेदक तयार’ अशी बातमी छापायला तेवढे पुरते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

पाच लिटर रक्तात पाच ग्रॅम

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, असेल, तर या साऱ्या रक्तातले ग्लुकोज मिळून पाच ग्रॅम भरते, म्हणजे चहाचा एक चमचा. जेवणानंतर आकडा २०० झाला तर दोन चमचे. निरोगी आणि अनियंत्रित मधुमेही यांच्यातला फरक संपूर्ण रक्तात मिळून एवढाच आहे.

परमिटिव्हिटीच्या भाषेत हा बदल किती भरतो? साखरेत १०० मिलिग्रॅमची वाढ झाली तर पाण्याची ती ७८ ही संख्या दोन-तीन शतांशांनी खाली येते. रेझोनेटर सेकंदाला २४० कोटी कंपनांवर चालत असेल, तर त्याचा सूर फार तर तीन-चार लाख कंपनांनी हलेल, आणि क्षेत्राचा मोठा भाग त्वचेबाहेरच राहत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

वाचकाला वाटेल की एवढा बारीक फरक मोजता येत नसेल म्हणून अडले आहे. तसे नाही. आजची इलेक्ट्रॉनिक उपकरणे याहून बारीक फरक सहज मोजतात. सूर हलला हे त्यांना नक्की कळते. तो कशामुळे हलला हे कळत नाही. जलतरंगाच्या भांड्याचा सूर बदलला तेव्हा त्यात पाणी कमी झाले, की भांडे तापले, की कोणाचे बोट काठाला लागले, हे सूर स्वतः सांगत नाही.

महापेच्या कचेरीतून ठाण्याच्या लोकलमध्ये

मे महिन्यातली संध्याकाळ घेऊ. महापेच्या एखाद्या कचेरीत दिवसभर वातानुकूलित हवेत बसलेली व्यक्ती बाहेर पडते, घणसोली स्थानक गाठते आणि ठाण्याच्या गर्दीच्या लोकलमध्ये दांडीला लटकून उभी राहते. या अर्ध्या-पाऊण तासात तिच्या मनगटाच्या त्वचेचे तापमान दोन-चार अंशांनी सहज वर जाते. पाण्याची परमिटिव्हिटी तापमानाच्या दर अंशामागे सुमारे अर्ध्या टक्क्याने, म्हणजे ०.३६ च्या आसपास, घटते. वरच्या परिच्छेदातल्या दोन-तीन शतांशांशी याची तुलना केली की लक्षात येते, एका अंशाचा परिणाम साखरेतल्या १०० मिलिग्रॅमच्या परिणामाच्या दहापटीहून अधिक आहे. तापमान अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी बदलले, तरी संवेदकाला साखर शंभरने वाढल्यासारखी वाटू शकते. बदलाची दिशाही तीच आहे, कारण दोन्हींत परमिटिव्हिटी खालीच येते.

त्याच प्रवासात घाम येतो. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, आणि तो संवेदक व त्वचा यांच्या मधोमध, म्हणजे क्षेत्र जिथे सर्वांत तीव्र असते नेमक्या त्याच जागी, थर धरतो. हात वर धरल्याने मनगटातले रक्त कमी होते आणि खाली सोडल्याने वाढते. घड्याळाचा पट्टा घट्ट असेल तर त्वचा दाबली जाते आणि तिच्यातला द्रव बाजूला सरतो. दिवसभर पाणी कमी प्यायले गेले असेल तर त्वचेतल्या पाण्याचे प्रमाणही सकाळसारखे राहत नाही. यांतली प्रत्येक गोष्ट सूर हलवते आणि बहुतेक गोष्टी साखरेपेक्षा जास्त हलवतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत या क्षेत्रातल्या संशोधकांनी येऊन आपले संवेदक तपासावेत असे मला मनापासून वाटते, कारण घाम न येणाऱ्या थंड प्रयोगशाळेतले यश इथे फार उपयोगाचे नाही.

घामाने घात केल्याचा पूर्वानुभवही आहे. २००१ मध्ये अमेरिकेत ‘ग्लुकोवॉच’ नावाच्या मनगटी यंत्राला मान्यता मिळाली होती. ते सूक्ष्मतरंग वापरत नसे. सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून त्यातले ग्लुकोज ते विकराने मोजत असे. पण घाम आला की त्याची मोजणी चुकत-थांबत असे आणि अनेकांच्या त्वचेला दाह होत असे. बोट टोचण्याला पर्याय म्हणून नव्हे, तर पुरवणी म्हणूनच त्याला मान्यता होती, आणि काही वर्षांत ते बाजारातून नाहीसे झाले.

किती खोल पाहायचे

संशोधकांना हे सारे ठाऊक आहे आणि ते स्वस्थ बसलेले नाहीत. त्यांच्यापुढचा पहिला निर्णय कंपनांचा असतो. सेकंदाला दोन-अडीचशे कोटी कंपनांच्या लहरी स्नायूंत दोन-एक सेंटिमीटर शिरतात, म्हणजे त्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात, पण वाटेतली त्वचा, चरबी आणि स्नायू या सगळ्यांचा ठसा घेऊन परत येतात. सेकंदाला सहा हजार कोटी कंपनांच्या लहरी एक मिलिमीटरही आत जात नाहीत. त्यांना त्वचेचा वरचा थर स्पष्ट दिसतो, मात्र तिथे रक्त थोडे आणि पेशींमधला द्रव जास्त असतो. एकाच कंपनावर हे दोन्ही साधत नाही, म्हणून आता अनेक कंपनांवर एकाच वेळी मोजण्याकडे कल आहे. तापमान, पाणी आणि साखर यांचा परिणाम वेगवेगळ्या कंपनांवर वेगवेगळ्या प्रमाणात होतो, त्यामुळे पुरेशी समीकरणे मिळाली तर अज्ञात राशी सुट्या करता येतील अशी आशा आहे.

बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील गटाने २०२० मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक संवेदक मांडला. त्याच्या तांब्याच्या रेषा हाताच्या रक्तवाहिन्यांच्या आकाराप्रमाणे आखलेल्या होत्या, जेणेकरून क्षेत्र रक्त असलेल्या जागीच एकवटावे. जोडीला तापमान आणि घाम यांची दखल घेणारे वेगळे संवेदकही बसवलेले होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी मोबाइलसारख्या उपकरणांत हातवारे ओळखण्यासाठी बनवलेली अतिलघु रडार चिप साखरेसाठी वापरून पाहिली. ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठातही त्वचेवर चिकटवण्याच्या सूक्ष्मतरंग संवेदकावर काम झाले आहे. काही गट दोन रेझोनेटर शेजारी शेजारी ठेवतात. त्यांतल्या एकाचे क्षेत्र खोल जाते आणि दुसऱ्याचे वरच्यावर राहते. दोघांतला फरक घेतला की तापमानाचा आणि घामाचा समान वाटा वजा होतो. मला स्वतःला ही वजाबाकीची वाट सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण अडचण आहे हे तिने आधी मान्य केलेले असते.

मग ऑक्सिमीटरला कसे जमते?

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटाला चिमट्यासारखा लावला की रक्तातला ऑक्सिजन सांगतो, मग साखरेचेच काय अडते, हा प्रश्न रास्त आहे. ऑक्सिमीटर ऑक्सिजन सरळ मोजत नाही, तर हिमोग्लोबिनचा रंग मोजतो. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन लालभडक असते आणि सोडलेले काळपट, आणि लाल व अवरक्त अशा दोन प्रकाशांत त्यांतला फरक ठळक दिसतो. शिवाय हिमोग्लोबिन एका डेसिलिटर रक्तात १३ ते १५ ग्रॅम असते, तर ग्लुकोज जेमतेम एक दशांश ग्रॅम. म्हणजे एकाचे प्रमाण सव्वाशे-दीडशे पट आणि वर त्याला स्वतःचा रंग. ग्लुकोजला दृश्य प्रकाशात रंग नाही आणि सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यात त्याची अशी कोणतीही खास खूण नाही, जिच्यावर बोट ठेवून ‘हे ग्लुकोजच’ असे म्हणता येईल. त्याची चाहूल लागते ती पाण्यात झालेल्या बदलातून, आणि पाण्यात बदल घडवणारे तर पुष्कळ.

कृत्रिम बुद्धिमत्ता यातून मार्ग काढेल ना?

अलीकडच्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात हे उत्तर असते. संवेदकाचा गोंधळलेला संकेत संगणकाला द्यायचा, जोडीला ग्लुकोमीटरचे आकडे द्यायचे आणि त्यांतले नाते त्यालाच शोधू द्यायचे. पद्धत चुकीची नाही, पण तिच्यात एक खड्डा आहे.

बहुतेक चाचण्यांत निरोगी स्वयंसेवकाला साखरेचे पाणी पाजतात आणि दोन तास बसवून ठेवतात. या वेळात रक्तातली साखर हळूहळू चढते आणि उतरते. त्याच दोन तासांत त्याची त्वचा पट्ट्याखाली हळूहळू तापते, घाम साचतो, यंत्रही गरम होते. दोन गोष्टी एकाच वेळी संथपणे बदलत असतील तर संगणकाला त्यांच्यात नाते सापडणारच, आणि ते खरे आहे की योगायोगाचे हे त्याला कळत नाही. हा धोका काल्पनिक नाही. १९९८ मध्ये मार्क आर्नल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त प्रकाशावर आधारित मोजणीबाबत एक मार्मिक प्रयोग केला. त्यांनी त्वचेसारखे गुणधर्म असलेले नमुने बनवले, त्यांत ग्लुकोज अजिबात घातले नाही, आणि तरीही नेहमीच्या गणिती पद्धतीने त्या नमुन्यांतून ग्लुकोजचे वरकरणी पटण्याजोगे आकडे निघू शकतात हे दाखवून दिले. सूक्ष्मतरंगांनाही हा धडा तंतोतंत लागू आहे. माहिती मुळात संकेतातच वेगळी नसेल, तर गणित ती निर्माण करू शकत नाही.

ओव्हनमधल्या लहरी अंगावर कशा चालतील?

ही भीती मात्र थोडक्यात बाजूला ठेवता येते. ओव्हन ७०० ते १००० वॅट ताकद एका बंद पेटीत कोंडतो, तर संवेदकाची ताकद वॅटच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे लाखो पटींनी कमी आणि खिशातल्या मोबाइलपेक्षाही कमी. क्ष-किरणांप्रमाणे रेणू फोडण्याइतकी ऊर्जा सूक्ष्मतरंगांत नसते आणि उष्णता हाच त्यांचा सिद्ध परिणाम आहे. इतक्या अल्प ताकदीने त्वचा जाणवेल इतकी तापत नाही.

ढोबळ आकडा मिळाला तरी काय वाईट?

आहाराकडे लक्ष राहावे एवढ्यासाठी घड्याळ घेणाऱ्या माणसाचे ढोबळ आकड्याने फारसे बिघडत नाही असे म्हणता येईल, पण आकडा कोणाच्या हाती पडतो यावर सारे ठरते. इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांची साखर खरोखर ६० वर आली आहे आणि घड्याळ ११० दाखवते आहे असे समजा. हात थरथरत असूनही ते साखर खाणार नाहीत, आणि पुढचा टप्पा बेशुद्धीचा असू शकतो. उलट खरी साखर १३० असताना घड्याळाने २८० दाखवले आणि त्यावरून कोणी जादा इन्सुलिन घेतले, तर तासाभरात तोच धोका.

म्हणूनच ग्लुकोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार साखर १०० पेक्षा कमी असताना ९५ टक्के वाचने खऱ्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० किंवा त्याहून अधिक असताना १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. ‘ग्लुकोमीटरही चुकतोच की’ असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, पण तो किती चुकतो हे तपासलेले असते आणि डॉक्टर तेवढी चूक गृहीत धरूनच डोस ठरवतात.

शोधनिबंधांच्या बातम्यांत आणखी एक गोष्ट डोळसपणे वाचावी लागते. १९८७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉक्टरांनी साखरेच्या मोजणीतल्या चुका उपचारांच्या दृष्टीने किती घातक आहेत यावरून त्यांचे पाच विभाग पाडले. त्यांतले पहिले दोन, अ आणि ब, निर्धोक मानले जातात. ‘आमची सर्व वाचने अ आणि ब विभागांत आली’ असे वाक्य अनेक निबंधांत अभिमानाने लिहिलेले असते. पण ज्याची साखर दिवसभर ८० ते १५० च्या दरम्यानच राहते अशा निरोगी माणसासाठी एखाद्याने काहीही न मोजता दर वेळी ११० हा आकडा सांगितला, तरी तोही अ आणि ब विभागांतच पडतो. ‘माझ्या घड्याळाचा आकडा ग्लुकोमीटरशी जुळला’ या शेजाऱ्यांच्या अनुभवाचे रहस्यही बहुधा यातच आहे, विशेषतः ज्या घड्याळांचे ॲप सुरुवातीलाच वय, वजन आणि शेवटच्या तपासणीचा आकडा विचारून घेते त्यांच्याबाबत.

विकत घेण्यापूर्वी

एफडीएने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी स्पष्ट सूचना काढली की त्वचेला छेद न देता स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला तिने मान्यता दिलेली नाही आणि लोकांनी अशी उपकरणे वापरू नयेत. यात एक फरक ध्यानात घ्यायला हवा. दंडावरच्या मान्यताप्राप्त सेन्सरने मोजलेला आकडा काही घड्याळे पडद्यावर नुसता दाखवतात, आणि त्याला या सूचनेचा आक्षेप नाही. आपल्याकडे साखर मोजणारे यंत्र २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येते, त्यामुळे विक्रेत्याकडे त्या नियमांखालील परवाना क्रमांक मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असे छापलेले असेल तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. बोट टोचण्याचा खरोखर कंटाळा आलेल्यांसाठी आज उपलब्ध असलेला पर्याय दंडावरचा सेन्सरच आहे. तो महाग आहे, पण महिन्यातून एक लावून त्या पंधरवड्यात कोणत्या जेवणाने साखर किती चढते हे पाहून घेणे अनेकांना परवडण्याजोगे असते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते करता येते.

सूक्ष्मतरंग संवेदकांबद्दल पुढे येणाऱ्या बातम्या वाचताना मात्र तपशिलात एक गोष्ट शोधावी. रुग्णालयात सलाइनमधून ग्लुकोज आणि इन्सुलिन देऊन साखर हव्या त्या आकड्यावर तासन्‌तास स्थिर धरून ठेवता येते. अशी स्थिर साखर असताना संशोधकांनी हाताचे तापमान बदलून पाहिले का, घाम आणला का, आणि तरीही संवेदकाचा आकडा जागचा हलला नाही का? असा प्रयोग, तोही मधुमेही रुग्णांवर आणि ७० पेक्षा कमी साखरेसह, ज्या दिवशी कोणी यशस्वी करून दाखवेल, त्या दिवशी ती बातमी पहिल्या पानावर यायला हरकत नाही.

याची घरगुती आवृत्ती कोणालाही करता येते. घड्याळ जलरोधक असेल तर ते बांधलेला हात पाच मिनिटे गार पाण्यात धरावा, कोरडा पुसावा आणि आकडा पाहावा. त्याच वेळी दुसऱ्या, उबदार हाताच्या बोटातून पट्टीवर साखर तपासावी. पट्टीचा आकडा तोच राहिला आणि घड्याळाचा तीस-चाळीसने सरकला, तर घड्याळ तापमान मोजते आहे. घड्याळाचा आकडा हलला नाही, तर श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर दीड तासाने पुन्हा दोन्ही पाहावेत, कारण पट्टीवर साखर साठ-सत्तरने चढलेली असताना घड्याळ तिथेच बसून असेल, तर ते काहीच मोजत नाही.